वर जाण्याचा मधला मार्ग

"आपल्याला आता वर जायचं आहे," मालक म्हणाले, आणि केबिनमध्ये बसलेल्या आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

दुसऱ्या एखाद्या कंपनीत या वाक्यावर टाळ्या पडल्या असत्या. पण आमची कंपनी आजारी माणसांना पलंग भाड्याने देते. डोक्याकडून वर होणारे, पायाकडून वर होणारे, आणि दोन्हीकडून वर होऊन मध्ये माणसाची घडी घालणारे. शिवाय चाकांच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, ऑक्सिजनची यंत्रं आणि सिलिंडर. आमच्याकडे 'वर जाणे' याला एकच अर्थ आहे, आणि तसं झालं की आमचा पलंग परत येतो.

मालकांना म्हणायचं होतं क्लाउडबद्दल, म्हणजे आमचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून दूरच्या भाड्याच्या संगणकांवर चालवण्याबद्दल. आमचं सॉफ्टवेअर ज्या संगणकावर चालायचं तो जिन्याखालच्या कपाटात ठेवलेला होता. कपाटाचं दार बंद केलं की संगणक तापायचा आणि उघडं ठेवलं की ते येता-जाता मालकांच्या कपाळाला लागायचं. त्या आठवड्यात ते तिसऱ्यांदा लागलं होतं. मोठे निर्णय कसे होतात याबद्दल माझ्या मनात पूर्वी फार आदर होता.

"तुम्ही बघा," मालक कपाळावर बर्फ धरून मला म्हणाले. "नेमकं कसं जायचं, त्याचं धोरण ठरवा."

मी कंपनीचा व्यवस्थापक. संगणकाशी माझा संबंध इतकाच, की एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला होता. पण 'धोरण' हा शब्द माझ्या आयुष्यात प्रथमच माझ्या वाट्याला आला होता. मी तो घरी घेऊन गेलो.

घरी बाबा होते. म्हणजे बाबा घरीच असतात. फुप्फुसांनी हात टेकल्यापासून ते आमच्याच कंपनीच्या पलंगावर, आमच्याच कंपनीचं ऑक्सिजन यंत्र लावून दिवाणखान्यात पडून असतात. उभा जन्म त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला. त्यामुळे श्वास कमी पडला तरी चूक काढायला तो पुरतो.

"धोरण ठरवायचंय मला," मी म्हणालो.

"कुणाचं?"

"कंपनीचं."

बाबांनी नाकातली नळी नीट केली. "कंपनीला कल्पना आहे का याची?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. मी कुणालाही विचारलं नव्हतं. बायकोने भावाला फोनवर सांगितलं, एवढंच. मेव्हणा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो तडक घरी आला आणि बाबांच्या पलंगाच्या पायथ्याशी बसून म्हणाला, "दाजी, जुनं सगळं फेकून द्या. मुळापासून नवीन लिहून घ्या. जुना कचरा वर नेलात तर वर जाऊनही तो कचराच राहणार."

"त्याला किती वेळ लागेल?"

"चांगल्या गोष्टीला वेळ लागतोच हो."

"म्हणजे मी बघेन का?" बाबांनी विचारलं. मेव्हणा घाईने चहाकडे वळला.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर जिन्यात भेटले. त्यांनी हयातभर पूल बांधले होते, त्यामुळे पुलाखेरीज कुठल्याही विषयावर ते मोकळेपणाने बोलतात. "मुळीच हात लावू नका," ते म्हणाले. "आहे तसं अलगद उचला आणि वर ठेवा. स्क्रूसुद्धा फिरवू नका. जे चालतंय ते का चालतंय, हे विचारण्याच्या भानगडीत पडायचं नसतं." पूल बांधणाऱ्याच्या तोंडून हे ऐकल्यापासून मी पुलावरून जाताना पाय भरभर उचलतो.

मग मालकांनी एक सल्लागार आणला. तो इतका स्वच्छ होता की त्याच्याजवळ बसताना मला माझा सदरा खुपायला लागला. त्याने भिंतीवर चौकोनांचं एक चित्र पाडलं. आहे तसं उचलणे, थोडी डागडुजी करून उचलणे, मुळापासून लिहिणे, बाजारातलं तयार घेणे, काही भाग बंदच करून टाकणे, आणि काही भागांना खालीच राहू देणे. प्रत्येक चौकोनातून बाण निघून दुसऱ्या चौकोनात शिरत होता.

"यातलं आम्ही कुठलं घ्यावं?" मी विचारलं.

"ते तुमच्या ध्येयावर अवलंबून आहे," तो म्हणाला. "तुमचं ध्येय काय?"

मालकांनी कपाळाला हात लावला. खरं ध्येय तेच होतं, पण ते चित्रात कुठे बसेना.

आता मी काय केलं ते ऐका. मेव्हणा दुखवायला नको, कारण त्याची बहीण माझ्या घरात राहते. इंजिनियर दुखवायला नकोत, कारण आमच्या पाण्याची तोटी त्यांच्या मजल्यावर आहे. सल्लागार दुखवायला नको, कारण त्याला मालकांनी आणलं. म्हणून मी मधला मार्ग काढला. हिशेब आहे तसा जुन्या संगणकावर खालीच राहील. पलंग कुणाकडे आहे, सिलिंडर कधी बदलायचा, टेम्पोने रोज कुठे जायचं, हे सगळं वर जाईल आणि नव्याने लिहिलं जाईल. सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं की कुणी नाराज होत नाही, अशी माझी समजूत होती. मालकांनी मान डोलावली. सल्लागार म्हणाला की या पद्धतीला एक नावही आहे. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी ते विसरून गेलो.

शिवाय नव्या सॉफ्टवेअरमध्ये मी माझी एक भर घातली. पूर्वी माणूस गेला की आमच्याकडून घरी फक्त टेम्पो जायचा. मला ते बरं वाटायचं नाही. म्हणून मी सुचवलं, की अशा घरी आधी सहानुभूतीचा निरोप आपोआप फोनवर जावा. मजकूर मी स्वतः लिहिला: 'आपल्या माणसाच्या निधनाची वार्ता समजून अतीव दुःख झाले. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. कृपया पलंग रिकामा करून ठेवावा, आमचा माणूस घेण्यास येईल.' शेवटचं वाक्य मालकांनी घालायला लावलं. तरी एकंदर निरोप माणुसकीचा आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

माशी शिंकली ती टेलिफोनच्या कचेरीत. वर जायचं तर इंटरनेटची जाड लाइन हवी, आणि आमच्या कचेरीची लाइन मालकांच्या चुलत्यांच्या नावावर. चुलते वारून जमाना झालेला.

"ज्यांच्या नावावर जोडणी आहे त्यांनी स्वतः यावं लागेल," खिडकीतला कारकून म्हणाला.

"ते वारले."

"मग त्यांचं संमतीपत्र आणा."

"अहो, वारले म्हणजे..."

"सहीनिशी," कारकून म्हणाला.

पुढच्या खेपेला मी मृत्यूचा दाखला नेला. कारकुनाने तो उजेडात धरला, कागदपत्रांशी ताडून पाहिला आणि परत दिला. दाखल्यात चुलत्यांचं पूर्ण नाव होतं आणि जोडणीत नुसती आद्याक्षरं.

"हे दोघे एकच कशावरून?" तो म्हणाला. "तुमचे वारले असतील. आमचे वारलेले नाहीत."

मी आवाज चढवला. रांगेतले लोक माझ्या बाजूने आहेत असं मला वाटलं होतं, पण त्यांच्यातला एक म्हणाला, "अहो, आणा ना त्यांना एकदा, कशाला वाद घालता." नेमका त्याच क्षणी माझा फोन वाजला. नवं सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी बोलत होती.

"सर, जुन्या नोंदींमध्ये परतीच्या तारखेचा रकाना खूप ठिकाणी रिकामा आहे. नवीन सिस्टिम रिकामी तारीख घेत नाही. काय करू?"

"भरून टाका!"

"कुठली तारीख भरू?"

"कुठलीही भरा हो! सोमवारची भरा. सोमवारी सुरू करतोय ना आपण? पण रिकामं काही ठेवू नका." कारकून खिडकीची फळी खाली ओढत होता, आणि मी ती एका हाताने वर धरून ठेवली होती.

"आणि परतीचं कारण? तेही रिकामं आहे."

"यादीत पहिलं असेल ते टाका!" मी ओरडलो आणि फोन ठेवला. फळी माझ्या बोटांवर आली.

लाइन शेवटी मिळाली. चुलत्यांना कसं हजर केलं ते विचारू नका. रविवारी सगळं वर गेलं, आणि मालकांनी कपाटाचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं.

सोमवारी सकाळी मी चहा घेत होतो. बाबांच्या उशाशी त्यांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश, मुद्रित वाचल्यासारखं वाचलं.

"कधी गेलो मी?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तुझ्या कंपनीला समजलंय. अतीव दुःख झालंय त्यांना." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "अतीव बरोबर लिहिलंय हां. बरेच लोक चुकतात. पण 'वार्ता समजून दुःख झाले' हे वाईट मराठी आहे. वार्ता समजून कुणाला? दुःखाला?"

मी तो निरोप वाचला. माझा मजकूर इतका थंड आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"काहीतरी गडबड झालीय," मी म्हणालो.

"माझीही तीच समजूत आहे," बाबा म्हणाले.

एवढ्यात दारावरची घंटा वाजली. बायकोने दार उघडलं. बाहेर आमच्या कंपनीचा टेम्पोवाला उभा होता, आणि त्याच्या मागे पट्टे घेऊन एक हमाल. मला पाहून टेम्पोवाला गोंधळला. त्याने हातातल्या फोनकडे बघितलं, मग दारावरच्या पाटीकडे.

"साहेब, तुमचंच घर का हे? मला माहीत नव्हतं हो. फार वाईट झालं." त्याने टोपी काढली. "पलंग न्यायचा होता. वरूनच आलंय तसं."

"कोण आहे?" आतून बाबांनी विचारलं.

टेम्पोवाल्याने मान वाकडी करून आत बघितलं. बाबांनी पलंगाचं बटण दाबलं, पलंगाची पाठ हळूहळू वर आली, आणि बाबा बसते झाले.

"उठू का?" त्यांनी विचारलं. "की माझ्यासकट नेताय?"

हमाल जिन्यावरून धडाधड खाली पळाला.

मी कचेरीत फोन लावला. तो लागेना, कारण सगळं गाव आमच्याच कचेरीत फोन करत होतं. शेवटी फोनवाल्या बाईंनी उचलला. त्या रडत होत्या. तेव्हा हळूहळू उलगडलं. परतीची तारीख रिकामी, याचा अर्थ माणूस अजून पलंगावर आहे, एवढा साधा होता. मी त्या रिकाम्या जागा सोमवारने भरायला सांगितल्या होत्या. परतीच्या कारणांची यादी नव्या सॉफ्टवेअरने अक्षरांच्या क्रमाने लावली होती आणि तिच्यात 'निधन' पहिलं होतं. 'बरे झाले' खूपच खाली होतं. शहरातला आमचा प्रत्येक आजारी माणूस त्या सकाळी माझ्या हुकमाने वारला होता.

ते आपण हसून सोडलं असतं. पण माणूस गेला की त्याचा ऑक्सिजन कशाला पाठवायचा? सॉफ्टवेअरने शहाण्यासारखी सिलिंडरची फेरी रद्द केली होती. टेम्पो भरला होता तो पलंग बांधून आणण्याच्या पट्ट्यांनी.

"कुणाचे सिलिंडर आज बदलायचे होते?" मी बाईंना विचारलं.

"ते आता दिसतच नाही हो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांपुढे 'आवश्यकता नाही' असं आलंय."

आम्ही टेम्पो गोदामाकडे पिटाळला, मिळतील तेवढे सिलिंडर चढवले, आणि टेम्पोवाल्याला ज्या क्रमाने घरं आठवत होती त्या क्रमाने निघालो. बाकीच्यांना बाई फोन करत होत्या.

पहिल्या घरी एक गृहस्थ मोडलेल्या पायाने पलंगावर होते. त्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, श्वास भरपूर होता, आणि तो त्यांनी माझ्यावर वापरला. दुसऱ्या घरी जिन्यातच चपलांचा ढीग दिसला. दूरदूरचे नातेवाईक पांढऱ्या कपड्यांत जमले होते, आणि मधोमध आजोबा पलंगावर बसून कोण कोण आलं ते बघत होते. "हा आला नाही," एका भाच्याचं नाव घेऊन ते सारखं म्हणत होते. "बघितलंत? हा आलाच नाही." त्यांच्या सुनेने मला दारातूनच घालवलं. सिलिंडर मात्र ठेवून घेतला. एका घरी मुलीने निरोप उघडून फोन माझ्या हातात दिला आणि मी तो पुन्हा वाचेपर्यंत समोर उभी राहिली. आत तिची आई खोकत होती.

कंपनीत पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण नंतर सांगणं मला जमणार नाही. त्या दिवशी ऑक्सिजनवाचून कुणी गेलं नाही. ही टेम्पोवाल्याच्या आठवणीची कृपा, आणि काही घरांत लोकांनी जास्तीचा सिलिंडर पलंगाखाली दडवून ठेवलेला असायचा, त्याची. सल्लागाराने अहवालात लिहिलं की स्थलांतर यशस्वी झालं, फक्त माहितीच्या गुणवत्तेचा प्रश्न उरला. मेव्हणा म्हणाला, मुळापासून लिहायला हवं होतं. इंजिनियर म्हणाले, हात लावायला नको होता. दोघांचंही बरोबर होतं, आणि मधला मार्ग माझा एकट्याचा होता. मालकांनी सगळं पुन्हा खाली आणलं. मला काढलं नाही, पण 'धोरण' हा शब्द त्यांनी माझ्यासमोर पुन्हा उच्चारला नाही.

शेवटचं घर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. नवरा-बायको दोघंच राहायची. टेम्पोवाला सिलिंडर उतरवत होता, तोवर मी दार वाजवलं आणि मनात वाक्य जुळवलं: काकू, चूक झाली, तो निरोप चुकून गेला, आम्हाला क्षमा करा. एव्हाना मला ते पाठ झालं होतं.

काकूंनी दार उघडलं. त्या शांत होत्या.

"इतक्यात आलात?" त्या म्हणाल्या. "या."

"काकू, तो निरोप..."

"मिळाला," त्या म्हणाल्या. "पहाटे गेले हे. मला काही सुचेना. नुसती बसून होते. आणि मग तुमचा निरोप आला. कसं कळलं हो तुम्हाला? मी अजून मुलांनाही सांगितलेलं नाही."

माझ्या तोंडाला आलेलं वाक्य तिथेच थांबलं. मी आत बघितलं. आधी माझी नजर गेली सिलिंडरच्या काट्याकडे, हे मला सांगितलंच पाहिजे. काटा निम्म्याच्या वर होता. ऑक्सिजन संपून ते गेले नव्हते. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग मी पलंगाकडे बघितलं.

काका एका कुशीवर, पलंगाच्या अगदी काठाशी होते. एक पाय खाली लोंबत होता. चादर अर्धी ओढली गेली होती. जवळच्या दोन खुर्च्या एकमेकींना जोडून त्यांच्यावर उशी ठेवली होती.

"पलंग रिकामा करून ठेवा म्हणाला होतात," काकू म्हणाल्या. "मी करून बघितलं. पण मला एकटीला नाही हो उचलत ते."

टेम्पोवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात आला होता. तो तसाच मागे फिरला. बाहेर सिलिंडर जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"पलंग राहू द्या, काकू," मी म्हणालो. "पलंगाची काही घाई नाही."

"पण तुमच्या माणसाची खेप..."

"राहू द्या."

टेम्पोवाला हात पुसून आत आला. आम्ही दोघांनी काकांना पलंगाच्या मधोमध सरळ निजवलं. त्यांचा पाय वर घेतला. काकूंनी चादर सारखी केली आणि उशी खुर्चीवरून उचलून पुन्हा त्यांच्या डोक्याखाली घातली. ऑक्सिजनचा मास्क बाजूला पडला होता आणि त्यातून अजून सू-सू आवाज येत होता. मी सिलिंडरची चावी फिरवली. आवाज थांबला. काकूंनी चमकून माझ्याकडे पाहिलं, जणू त्यांना तो आवाज आत्ता ऐकू आला.

"मुलांना कळवायला हवं," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

"मी लावून देऊ फोन?"

"नको. बोलवणार नाही मला." त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "तुमचा निरोप चांगला लिहिलाय कुणीतरी. तोच पाठवा त्यांना. मला काही वेगळं सुचणार नाही."

"काकू, तो..."

"फक्त ते पलंगाचं काढा."

मी शेवटचं वाक्य पुसलं. 'आपल्या माणसाच्या' होतं तिथे काय लिहू, असं विचारलं. त्यांनी काकांच्या अंगावरची चादर पुन्हा एकदा सारखी केली.

"बाबांच्या लिहा," त्या म्हणाल्या.